स्काऊटची टोपी विकत मिळते, पण बसवावी लागते

२६ जानेवारीला नाशिकमधल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर जा आणि स्काऊटच्या रांगेकडे बघा. कपडे, बूट सगळं सोडा, नुसती डोकी बघा. वीस मुलं असतील तर वीस तऱ्हा दिसतील. एकाची बॅरेट, म्हणजे काठ नसलेली मऊ गोल टोपी, खानसाम्याच्या टोपीसारखी वर फुगलेली, दुसऱ्याची मागे सरकून केसांत अडकलेली, तिसऱ्याचा बॅज बरोबर नाकाच्या रेषेत. दोघा-तिघांची इलॅस्टिकवाली, आंघोळीला घालतात तशी. एखादा उजव्या हाताने सलामी देतोय आणि डाव्याने टोपी धरून उभा आहे.

मग फेसबुकवर आपण जुने फोटो टाकतो आणि खाली ‘काय रुबाब होता तेव्हा’ असं लिहितो, ‘ती मोठी टोपी परत आणा’ अशी मागणीही करतो. रुबाब होता, मान्य. पण मुलं बेशिस्त झाली म्हणून तो गेला, हे मला पटत नाही. टोपी आता पाकिटातून काढून तशीच डोक्यावर ठेवली जाते. ती भिजवायची, दाबायची, वाळवायची, आपल्या डोक्याची करून घ्यायची असते, हे मुलांना कोणी सांगतच नाही. न सांगितलेल्या गोष्टीचा अभिमान कुठून येणार?

आधी मोठ्या टोपीबद्दल, कारण आठवणींच्या पोस्टमध्ये खरा जीव तिच्यातच अडकलेला असतो. रुंद सपाट काठाची, डोक्याला चार बाजूंनी खळ्या पाडलेली, कातडी पट्ट्याची फेल्टची टोपी. ही काही शोभेची वस्तू म्हणून जन्माला आली नाही. स्काऊटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल दक्षिण आफ्रिकेत असताना १९०० साली त्यांनी तिथलं पोलीस दल उभं केलं आणि त्याला स्टेटसन कंपनीची ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ घराण्यातली टोपी दिली. त्या नावाची आद्याक्षरंही बी. पी. आणि साहेबांचीही बी. पी., हा विनोद तेव्हापासूनचा. १९०७ साली ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर झालं, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं आणि टोपी पोरांच्या डोक्यावर आली.

तिचा काठ साधारण तीन इंचांचा. ऊन आणि पाऊस डोळ्यांत आणि मानेवर येऊ देत नाही. चूल पेटवताना वारा घालायला चालते, अडीनडीला पाणीही आणता येतं. चार खळ्यांचाही उपयोग आहे. उभ्या घडीच्या टोपीपेक्षा असा माथा आकार चांगला धरतो आणि पावसाचं पाणी माथ्यावर साचत नाही. मात्र काठ सपाट ठेवणं हे रोजचं काम. एकदा भिजली की काठ लाटेसारखा वळतो. मग ओलं सुती फडकं टाकून इस्त्री करायची. काही जण साखरेचं पाणी लावून काठ कडक करत. काठ उत्तम ताठ होतो, फक्त पुढच्या पावसात तो चिकट होतो आणि शिबिरात मुंग्यांची रांग थेट टोपीकडे निघते. जास्त हौशी मंडळी प्लायच्या दोन फळ्यांना मधोमध डोक्याच्या मापाचं भोक पाडत आणि काठ त्यांच्यामध्ये ठेवून बोल्ट-नटने आवळून टाकत. रात्रभर राहिला की सकाळी कागदासारखा सरळ.

एवढी उस्तवार केलेली वस्तू माणूस मिरवणारच. पहिल्या पुस्तकातला दीक्षाविधीही तसाच होता. नवशिका उघड्या डोक्याने गोलात उभा, त्याची टोपी आणि काठी सहायक स्काऊट मास्तरच्या हातात. वचन दिल्यावर मगच दोन्ही त्याला मिळायची. आधी शब्द, मग टोपी.

ब्रिटनमध्ये तिथल्या स्काऊट संघटनेच्या १९६६च्या अहवालानंतर गणवेश बदलला. अर्धी चड्डी आणि मोठी टोपी गेली, लांब पँट आणि हिरवी बॅरेट आली. काही पथकांना ते इतकं लागलं की त्यांनी १९७० साली वेगळी संघटना काढली आणि जुनी टोपी चालू ठेवली. वादात फक्त टोपी नव्हती, पण टोपी होतीच. आपल्याकडे पागोट्यावरून माणसं तुटलेली आपण ऐकतो, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.

भारतात ही टोपी सगळ्यांच्या डोक्यावर सुखाने आली असंही नाही, आणि नाशिककराने हे विसरू नये. इथली स्काऊटिंगची सुरुवात १९०९ साली बंगळूरला झाली, तीही युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना माग काढणं, खुणा करणं, टोळीने हालचाल करणं शिकवलं तर उद्या त्यातून क्रांतिकारक तयार होतील, ही सरकारला भीती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडायला मी निघालेलो नाही. पण त्या काळात आपल्या पोराच्या डोक्यावर ही टोपी का येऊ शकत नव्हती, ते कान्हेरे मैदानावर उभं राहिलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासला भारतीय मुलांची संघटना काढली, तिच्या गणवेशात साहेबी टोपीऐवजी फेटा होता. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती उभी राहिली. ७ नोव्हेंबर १९५०ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. आज स्काऊटच्या नियमात गर्द निळी बॅरेट आहे आणि शीख मुलांना त्याच रंगाची पगडी. म्हणून ‘मोठी टोपी परत आणा’ या मागणीवर माझा अंगठा नाही. ज्यांना ती आवडते त्यांच्या आवडीला मान आहे. पण जी टोपी आज नियमात आहे, ती तरी नीट बसवू या.

तर बॅरेट. मराठीत टोपी या शब्दाचे आधीच हाल आहेत, टोपी घालतात, टोपी फिरवतात, याची त्याला करतात. त्यात दुकानदार जी ‘स्काऊटची टोपी’ म्हणून विकतो, ती बऱ्याचदा ॲक्रिलिकची असते, म्हणजे खरोखरच टोपी घातलेली असते. ॲक्रिलिकची बॅरेट कितीही भिजवा, आकार धरत नाही. वाळली की पुन्हा फुगते. ओळखायचं कसं? आतल्या शिवणीतला एक धागा काढा आणि मोठ्या माणसाने तो जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. जूनमध्ये मेन रोडवर गणवेशाची गर्दी असते तेव्हा दुकानात हे करू देणार नाहीत, म्हणून आधी एकच नग आणा, तपासा, मग पथकाची ऑर्डर द्या. देवळाली कॅम्पात लष्करी सामान विकणाऱ्यांकडे लोकरीची मिळण्याची शक्यता जास्त, कारण ते गिऱ्हाईक फुगलेली बॅरेट घेत नाही.

माप टेपने घ्यायचं, भुवईच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोक्याचा उंचवटा पकडून. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं साधारण ५३ ते ५५ सेंटिमीटर भरतं. ‘वाढत्या अंगाचं आहे, एक नंबर मोठी घ्या’ हा आपला लाडका हिशोब शर्टाला ठीक, इथे नको. कडेच्या पट्टीतून मागे निघणाऱ्या नाडीने सेंटिमीटरभर आवळता येतं, त्याहून जास्त ओढलं की पट्टीला चुण्या पडतात आणि टोपी डोक्यावर फिरायला लागते.

आता भिजवणं. आत चकचकीत अस्तर असेल तर ते शिवणीपासून तीन-चार मिलिमीटर सोडून कापा, नाहीतर लोकर खाली पडतच नाही. कापताना बॅजच्या मागचं कडक पुठ्ठ्यासारखं ठिगळ चुकूनही काढू नका, बॅज त्याच्या जोरावर उभा राहतो. वरची लव साध्या रेझरने, कोरड्यावर, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने काढा. रेटली तर भोक पडतं आणि त्याला इलाज नाही. मग कोमट पाणी, बोट सहज बुडवता येईल इतकंच. माथ्याचा भाग दोन-तीन मिनिटं बुडवा, पट्टी बाहेर ठेवा, कारण कातड्याची पट्टी भिजून वाळली की कडक होऊन कपाळाला काचते. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

ओली असतानाच डोक्यावर. पट्टी जमिनीला समांतर, भुवईच्या वर दोन बोटं, मागेपुढे सारखी. कडक ठिगळ डाव्या डोळ्याच्या वर. डाव्या हाताने ते जागेवर धरायचं आणि उजव्या हाताने सगळं कापड उजव्या कानाकडे खाली ओढून तळव्याने चापून बसवायचं. माथ्यावरची हवा दाबून बाहेर काढायची. अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून मुलाला खुशाल खेळू द्या. नंतर डोक्याच्या मापाच्या उपड्या पातेल्यावर फडकं टाकून त्यावर सावलीत वाळवा. भांडी बाजाराच्या गावात मापाचं पातेलं मिळालं नाही ही सबब चालणार नाही. हिवाळ्यात एका रात्रीत वाळते, श्रावणात पंख्याखालीही दोन दिवस धरा. एकदा करून भागत नाही. दोन-तीनदा केलं की घडी कायमची बसते आणि मग ती टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर बरोबर दिसतच नाही.

नाडीची गाठ मागे मारायची आणि टोकं पट्टीच्या आत. लोंबणारी नाडी हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात सोपा दोष.

बिघडतं ते बहुतेक घरातल्या मायेने. आई मुलाचा सगळा गणवेश एकत्र मशीनमध्ये टाकते. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आले की लोकर आवळते, ५४ची ५१ होते आणि परत येत नाही. कडक उन्हात वाळवली की निळ्याला लालसर झाक येते. घडी बसवण्याआधीच बॅज लावला तर भिजवताना गंजाचा डाग पडतो. आणि खोबरेल तेल! पट्टी तेल पिते, त्यावर धूळ बसते, पावसाळ्यात बुरशी. दर शनिवारी ओल्या फडक्याने पट्टी पुसायची, एवढंच. बॅरेट खांदापट्टीखाली दुमडून ठेवणं दिसायला झोकदार असतं, पण दिवसभर तशी राहिली तर मध्ये रेघ पडते.

खर्चाचा प्रश्न येतोच. लोकरीची महाग पडते आणि सगळ्या पालकांना परवडत नाही. शाळेने पथकाच्या नावावर घ्याव्यात, मुलाला एक टोपी जितकी वर्षं बसेल तितकी वर्षं अनामत घेऊन द्यावी. लोकर पुन्हा भिजवली की नव्या डोक्याचा आकार घेते, ॲक्रिलिकसारखी दरवर्षी फेकावी लागत नाही. परत आलेली टोपी बंद पिशवीत तीन दिवस ठेवायची, म्हणजे उवांची भीती नको. कपाटात डांबर गोळी, नाहीतर दिवाळीपर्यंत कसर लागलेली असते.

बॅजबद्दल मी जरा हट्टी आहे. हल्ली गणवेशाच्या किटमध्ये शर्ट, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी), टोपी, बॅज सगळं एका पिशवीत येतं आणि पोरगं पहिल्याच दिवशी सगळं चढवून येतं. ‘प्रवेश’ या पहिल्या पायरीचा अभ्यास व्हायचाय, वचन पाठ नाही, दीक्षा दूरच. किट जरूर घ्या, पण टोपी आणि बॅज शिक्षकाने काढून ठेवावेत. त्या काही आठवड्यांत मुलाने स्वतःची टोपी स्वतः भिजवून बसवावी, संघनायकाने तपासावी. वचनाच्या दिवशी ती डोक्यावर यावी.

बॅरेटमध्ये एक उणीव आहे, ती भक्तांनीही कबूल करावी. तिला सावली नाही. मार्चनंतर अंजनेरीवर किंवा पांडवलेण्यांवर मुलांना बॅरेट घालून नेणं म्हणजे त्यांची कपाळं भाजणं. काळ्यासारखा निळा रंग ऊन ओढतो आणि डोळ्यांवर काही नाही. भटकंतीला रुंद काठाची सुती टोपी द्या, बॅरेट संचलनाला आणि सेवेला ठेवा. सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावरच्या गर्दीत हरवलेल्या आजीला स्वयंसेवकाचा शर्ट दिसणार नाही, डोकंच दिसेल.

आणि ज्यांच्या आजोबांच्या ट्रंकेत खरोखर ती मोठी टोपी आहे, त्यांच्यासाठी. धुऊ नका. मऊ ब्रशने घड्याळाच्या उलट दिशेने धूळ काढा. किटलीच्या वाफेवर माथा धरून खळ्या अंगठ्याने आतून-बाहेरून पुन्हा बसवा. पुढच्या खळीत चिमटीने धरून उचलायची सवय असेल तर मोडा, फेल्ट तिथेच आधी तडकतं. ठेवताना काठावर ठेवू नका, माथ्यावर उलटी ठेवा.