कांद्याचा इथे काय संबंध?

शेजारी देशांशी संरक्षण सहकार्य वाढवायचंय ना? मग परवा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात त्यावरचं व्याख्यान दोन तास ऐकून मी जे शिकलो, ते तुम्हाला फुकट देतो.

सगळ्यात आधी मोठा नकाशा आणा. त्यावर लेझरचा लाल ठिपका फिरला की निम्मं सहकार्य तिथंच झालं.

मग संयुक्त सरावांची नावं पाठ करा. नेपाळशी ‘सूर्यकिरण’, श्रीलंकेशी ‘मित्रशक्ती’, बांगलादेशाशी ‘संप्रीती’, मालदीवशी ‘एकुवेरिन’. शेवटच्या नावाआधी जरा थांबा, टाळ्या तिथं पडतात.

‘मोठा भाऊ’ दर पाच मिनिटांनी म्हणा. धाकट्यांना फार आवडतं, असं आपणच ठरवलंय.

अडचणीचं काही सांगू नका. २०१५ ला भारत-नेपाळ सीमेवर ट्रक अडले, नेपाळात सिलिंडर मिळेना, पुढच्या मार्चमध्ये त्यांनी चीनशी मालवाहतुकीचा करार केला. २०१८ ला आपल्याच पुण्यात औंधला बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा लष्करी सराव होता, तेव्हा नेपाळची तुकडी ऐनवेळी आलीच नाही. नकाशावर हे कुठं दिसतं?

आणि कांद्याचं नाव चुकूनही काढू नका. मी काढलं.

म्हटलं, साहेब, २९ सप्टेंबर २०१९ ला कांदा निर्यात एका फटक्यात बंद झाली. त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत. ५ ऑक्टोबरला बांगलादेशाच्या किनाऱ्यावरच्या टेहळणी यंत्रणेचा करार झाला. आदल्या दिवशी उद्योजकांसमोर बाई हसत हसत सांगत होत्या, की स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हटलंय. आणि पुढच्या वेळी निदान आधी कळवा, असंही. पुढची वेळ वर्षाच्या आत आली, १४ सप्टेंबर २०२०. कोणी कळवलं? ट्रक सीमेवर उभे, गोण्यांतून पाणी गळतंय. तोवर ते इजिप्त, तुर्कस्तान, अगदी पाकिस्तानकडूनही कांदा आणायला शिकले होते. डिसेंबर २०२३ ला तिसऱ्यांदा बंदी आली, तीही लाल कांद्याच्या हंगामात! उन्हाळ कांदा कांदाचाळीत चार महिने तग धरतो, लाल कांदा कुठं ठेवणार? माझ्या मामानं

इथं माइक गेला. “कांद्याचा इथे काय संबंध?” वक्ते म्हणाले. सभागृह हसलं. संयोजकांनी अल्पोपाहाराची घोषणा केली. सामोशाबरोबर कांदा होता, बारीक चिरलेला, वर लिंबू पिळलेलं.

हसता काय? निफाड तासाभरावर आहे, कांद्याची बाजारपेठ लासलगाव त्याच्या पुढं. ढाक्याच्या बाजारात आपल्या तालुक्याचा माल जातो आणि तुम्हाला संबंध दिसत नाही? ज्याच्या ताटातली वस्तू तुम्ही न सांगता ओढून घेता, तो उद्या रात्री किनाऱ्यावर काय दिसलं ते तुम्हाला आधी फोन करून सांगेल? का सांगेल? तुमच्या सरावाचं नाव छान आहे म्हणून? देवळालीच्या तोफखाना शाळेत मित्रदेशांचे अधिकारी शिकून जातात, त्याचा अभिमान मलाही आहे. पण ते घरी जाऊन जेवतात हो! त्यांच्या बायका बाजारात भाव विचारतात. एवढं कळायला नकाशा लागतो का?

पुढच्या वेळी माइक घ्यायचा तर घ्या. आधी माझ्या मामाचं वाक्य पुरं होऊ द्या.