घोड्याची आतडी पक्की चिकटवायची असतील तर

"पोटशूळाचं ऑपरेशन केलं म्हणूनच आतडी एकमेकांना चिकटली." परवा हे पुन्हा ऐकलं, तेही घोडं दोन दिवस लोळत ठेवलेल्या घरातून. कराडपासून जतपर्यंत हेच ऐकू येतं. तेव्हा मालक, सर्जनला सगळं श्रेय कशाला? टेबलावर घ्यायच्या आधीच तुम्ही काम फत्ते करू शकता.

मुख्य म्हणजे घाई करायची नाही. पोटात कळ येऊन घोडं पुढच्या पायानं जमीन उकरू लागलं, मान वळवून कुशीकडं बघू लागलं की गल्लीतल्या जाणकाराला हाक मारा. तो बाटलीनं हिंग, सोडा, गोडेतेल घशात ओतेल. तेल फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया वरकड. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोट फुगलं की नाकातून नळी घालून ते रिकामं करावं लागतं, हे त्या जाणकाराला सांगून नाराज करू नका. मग फ्लुनिक्झिन, म्हणजे कळ आणि सूज मारणारं औषध, टोचा. घोडं शांत उभं राहतं, घरचे जेवायला बसतात. कळ थांबली, आतड्याचा पीळ तिथंच आहे. चार तासांनी पुन्हा लोळलं की पुन्हा टोचा. "सकाळी बघू." सकाळी, "आज अमावस्या आहे." तोवर आत वेढा फुगतो, रक्त अडतं, आतड्यावरचं तुकतुकीत अस्तर मरू लागतं आणि त्यावर खरवसासारखा पिवळट, चिकट फायब्रिनचा, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या धाग्यांचा, थर धरतो. धडधाकट आतडं असा थर दोन-तीन दिवसांत स्वतःच विरघळवतं. रक्त तुटलेल्या आतड्याला ते जमत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या थरात तंतूपेशी शिरतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सुतळीसारखा पट्टा तयार. त्यात आतडं मुडपतं आणि पुन्हा पोटशूळ. म्हणजे चिकटायला सुरुवात कुठं झाली? तुमच्या गोठ्यात!

सर्जनसाहेब, तुम्हीही मागं राहू नका. हातमोज्यांची पावडर धुवू नका.

आतडी बाहेर काढून कोमट सलाईन न शिंपडता, सांगलीत हळद वाळत घालतात तशी पसरून ठेवा आणि कोरड्या गॉजनं खसखसून पुसा. एक टक्क्याचं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हाताला आणि आतड्याला चोपडलं तर ती एकमेकांवरून घसरतात. किलोला 7 मिली, म्हणजे 350 किलोच्या घोड्याला अडीच लिटरच्या आसपास. एवढं बुळबुळीत कोण कालवत बसणार?

घरी आणल्यावर फ्लुनिक्झिन बंद करा. आधी चार-चार तासांनी टोचलं होतं ना? आता सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी किलोला 1.1 मिलिग्रॅम, 12 तासांनी लिहून दिलंय, तर "आता बरं दिसतंय."

पहिल्याच दिवशी पाटीभर चंदी घाला.

बाराव्या दिवशी वरातीत हलगीवर नाचवा. टाके पोटाचे आहेत, सुपारी मात्र लग्नसराईतली आहे.

अहो, काय चाललंय हे? नळीतून पाणी यायचं थांबलं की डॉक्टरांना विचारून मूठमूठ हिरवं गवत द्यायचं असतं, थोड्या थोड्या वेळानं. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं हातात धरून चालवायचं असतं, कारण हलतं आतडं सहजासहजी चिकटत नाही. कामाला तीन महिने जुंपायचं नसतं. आणि दोन दिवस कुजवलेलं आतडं आणून "न चिकटायचं औषध द्या" म्हणता? कुठून द्यायचं?

जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला दोरीसारखी शीर लागते. तिथं बोट ठेवा, 15 सेकंद मोजा, चारनं गुणा. मिनिटाला 28 ते 44 ठोके असायला हवेत. 60 च्या वर गेले तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, टेम्पोवाल्याला उठवा. आणि ती तेलाची बाटली आधी खाली ठेवा.