फिटिंगचे वेगळे!

गीझरची किंमत बघून माणूस खूश होतो, आणि मग फिटिंगवाला येतो. आल्या आल्या भिंतीकडे बघून म्हणतो, "हे काम कोणी केलंय?" इथेच ओळखायचं, खिसा हलका होणार.

साठवणीचा गीझर असेल तर पाइपचे पैसे वेगळे, प्रेशर वाढल्यावर पाणी सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचे वेगळे. इन्स्टंट छोटा, म्हणून स्वस्तात सुटू? अहो, तो ३ किलोवॅट ओढतो! जुन्या बारीक वायरला ते झेपत नाही, म्हणजे मेन बोर्डापासून नवी लाइन, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि उकरलेल्या भिंतीचं प्लास्टर आपल्याच गळ्यात. गॅसवाल्या गीझरला धूर बाहेर काढणारा पाइप हवाच. तिथे मात्र काटकसर नको, त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. सोलरचं ऊन फुकट, पण स्टँड, गच्चीपासून खालपर्यंत इन्सुलेशन केलेला पाइप, आणि ढगाळ दिवसांसाठी पुन्हा विजेची कॉइल! हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप वीज कमी खातो खरा, पण आधी विकत घेतानाच घाम फोडतो.

हे सगळं आधी एका कागदावर लिहून द्यायला हात दुखतात का यांचे? काय काय 'एक्स्ट्रा' ते टाइल फोडून झाल्यावरच सांगणार!