तात्यांचा पट्टा

तात्यांनी माझ्या पोकलेनच्या बिलातून अडीच तास कापले. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. वहीत एक आडवी रेघ मारली आणि तिच्यापुढे लिहिलं, ‘दिवा’. दिवा या खात्यावर माझे तीन हजार सातशे पन्नास रुपये गेले. तेवढ्यात माझ्या दुकानाची तीन वर्षांची दिवाळीची रोषणाई होते.

दुकान विट्यात, स्टेशनरीचं. पोकलेन घ्यायची अक्कल मेहुण्याची. बायकोच्या भावाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा भागीत जुनं मशीन घेतलं. पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, आमचं मशीन तिचं नाहीच. पण माझ्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन तरी कुठं झेरॉक्सचं आहे? त्यावर मी कधी तक्रार केली नाही, म्हणून यावरही केली नाही.

व्यवहाराच्या वेळी मीटरशेजारचा पिवळा दिवा बंद होता. बंद म्हणजे झाकलेला होता. पहिल्यांदा केबिन धुतली तेव्हा काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा पाण्याबरोबर निघून आला, आणि खाली दिवा लुकलुकत होता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “ऑपरेटरच्या डोळ्यावर येतो हो रात्रीचा, म्हणून लावली होती.” दिव्यानं डोळ्यावर यायचं नाही तर कुठं यायचं?

आटपाडीकडं डाळिंबाच्या बागेसाठी शेततळ्याचं काम मिळालं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. मुरूम होता तोवर सगळं गोड चाललं. खाली खडक लागला आणि दिवा लागला, वर बझर. ऑपरेटर झारखंडचा. तो शांतपणे म्हणाला, “सेठ, चाबी मारो, चला जाएगा.” चावी बंद-चालू केली, गेला. दहा मिनिटांत परत आला. मेहुणा फोनवरून ओरडला, “ऑइलचं असेल तर इंजिन जाम होईल, बंद करा!” बंद केलं.

बाभळीखाली पालथ्या घमेल्यावर शेतमालकाचे वडील बसलेले. तात्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हीच त्यांची जागा, मांडीवर वही. त्यांना हाक मारावी लागत नाही, ते आधीच आलेले असतात.

“कसला दिवा?”

“ऑइलचं प्रेशर दाखवतंय, तात्या.”

“किती हाय?”

“आकडा नाही दाखवत. काहीतरी बिघाड आहे एवढंच.”

“माझं गेल्या आठवड्यात दोनशे दहा आलं हुतं.”

“अरे बापरे. मग?”

“मग काय, सून रडाय लागली. गाडी काढून आटपाडीला न्हेलं. डाक्टरनं बघितलं, एकशेतीस. म्हणला, घरच्या मशीनचा पट्टा ढिला बांधताय तुमी.”

“तात्या, हे माणसाचं नाही, इंजिनाचं आहे.”

“इंजिनाला पट्टा नसतो व्हय?”

“असतो, पण तो पंख्याचा.”

“मग प्रेशर कळतं कशानं?”

“सेन्सरनं.”

“त्यो कशानं बांधलाय?”

“बांधलेला नाही हो, ब्लॉकमध्ये बसवलाय. त्याला तीन वायरी येतात.”

“म्हंजे बांधलाय,” तात्या म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. वायरींना घाई नव्हती, तात्यांनाही नव्हती. घाई फक्त मला होती, कारण मशीनचा हप्ता पाच तारखेला जातो.

मग बार भरून पुढचं वाक्य आलं. “आनि येक सांगू का? मातीत लागत न्हाई त्यो. बकेट दगडावर आपटली की लागतोय. सकाळपासनं बगतोय म्या. ऑइल काय दगड बगून भितंय व्हय?”

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी स्कॅनरवाल्याला फोन केला.

स्कॅनरवाला चार तासांनी आला. व्हिजिट तीन हजार, येण्याजाण्याचं डिझेल वेगळं. लॅपटॉप जोडला, इंजिन तासभर चालू ठेवलं आणि आकडे वाचले: एसपीएन १००, एफएमआय ३. एक बटण दाबलं, आकडे गेले, दिवा गेला, पाठोपाठ तोही गेला. त्याची गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत दिवा परत. फोन केला तर म्हणाला, “मग ऑइल पंप असणार. इंजिन उतरवायला लागंल.” त्यानं खर्च सांगितला तो मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो. तेव्हा कळलं की यातला पहिला आकडा दुखणं कुठं आहे ते सांगतो, दुसरा कसलं आहे ते. १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर, मग हे आकडे वापरणारं इंजिन कुठल्याही कंपनीचं असो. त्यापुढे १ आला असता तर प्रेशर खरंच धोक्याइतकं खाली, तिथल्या तिथं बंद करा. पण ३ म्हणजे सेन्सरकडून येणारं व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त. म्हणजे आधी वायर बघा, कनेक्टर बघा, मग सेन्सर. म्हणजे, वाचणाऱ्यांनो, पट्टा ढिला!

तीन हजार घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. इंजिन उतरवण्यात जे आहे ते वायरीत नाही, हेही त्याला ठाऊक आहे. जुन्या मशीनला ऑइलचा एक काटा असायचा. काटा पडला की गाढवालाही कळायचं. आता मशीन माझं, हप्ता माझा, बिघाड माझा, आणि ते काय म्हणतंय हे ऐकायला मी दुसऱ्याला पैसे मोजायचे. त्यात २०२१ च्या एप्रिलपासून चाकांवरच्या बांधकाम मशीनांना धुराचे कडक नियम लागले, म्हणजे नव्या मशीनांत सेन्सर अजून वाढले. जुनंच बरं म्हणावं, तर त्याच्या दिव्यावर कुणीतरी टेप लावलेली.

दुसऱ्या दिवशी विट्याहून आमचा नेहमीचा मिस्त्री आणला. त्यानं लॅपटॉपचं नावही काढलं नाही. सेन्सर काढून त्या जागी साधं काट्याचं गेज लावलं, इंजिन चालवलं. काटा साडेतीन-चारच्या आसपास निवांत उभा, म्हणजे ऑइलचं प्रेशर ठीक. मग वायरींचा जुडगा चाचपत गेला. एका क्लॅम्पचं रबर झिजलं होतं, पत्रा घासून घासून आत गेला होता, आणि सेन्सरच्या अर्थिंगची वायर दोन तारांवर लोंबकळत होती. मुरमात टिकायची, खडकावर बकेट बसली की सुटायची. चाळीस रुपयांचा वायरचा तुकडा, नवं रबर, आणि वर गुंडाळायला काळी इन्सुलेशन टेप. हिची खरी जागा इथं होती.

तात्या उठून जवळ आले, वाकून बघितलं. “ढिला हुता न्हवं?” एवढंच.

आता सांगा, अडीच तास कापायचा हक्क कुणाचा? मीटर इंजिनाच्या तासांवर चालतं, बकेट हलो न हलो. तपासणीत इंजिन अडीच तास चाललं, ते तात्यांनी मीटरवरून टिपून ठेवलं होतं. हिशोब बरोबर आहे, ते मला कळतं. पण मागच्या बुधवारी बांधावरून त्यांच्या भावकीची जुंपली, तेव्हा माझं मशीन पाऊण तास डिझेल पीत नुसतं गुरगुरत उभं होतं. ते तात्यांनी टिपलं नाही. मीही नाही टिपलं, भिडेपोटी. वही त्यांच्या मांडीवर होती, माझ्या खिशात फक्त बॉलपेन, तेही दुकानातलं.

काल रात्री नऊला अनोळखी फोन. बाजूच्या गावचा कुणीतरी ट्रॅक्टरवाला. “मालक, ते पोकलेनचा फॉल्ट काढणारे तात्या हायत न्हवं, त्यांचा नंबर मिळंल का?”

दिला. शेवटचा आकडा चुकवून दिला.