भाड्याच्या दलालांचं काय?

घरांचे एजंट होण्यावरच्या तुमच्या लेखात एजंटांच्या परीक्षेवर भर आहे, पण एक गोष्ट सुटली. महारेराचं (राज्यातल्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी (एकट्याने धंदा करणाऱ्याला १० हजार, कंपनीला १ लाख, मुदत ५ वर्षं) हे सगळं नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्यांसाठी. भाड्याची खोली दाखवणारा दलाल रेरा कायद्याच्या कलम ९ मध्ये (एजंटांच्या नोंदणीचं कलम) बसतच नाही. आणि आपली गाठ पडते ती यांच्याशीच! आमच्या गल्लीत पानवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे एजंट. दलाली म्हणून महिन्याचं भाडं रोख घेतात, पावती मागितली की हसतात. घरं विकण्याच्या धंद्यात येणाऱ्या नव्या मुलांनो, तुम्ही मात्र नोंदणी कराच. तिच्याशिवाय प्रकल्पातलं घर विकलंत तर दिवसाला १० हजार दंड, तोही घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.