मेसेज कोण वाचतो?

‘मोबाइलवर समुपदेशन झालं की एचआयव्हीच्या रुग्णाला दारू सोडायला दवाखान्याचे हेलपाटे नकोत’ हे लेखातलं वाक्य खटकलं. आमच्या हर्णैत खलाशी समुद्रात गेला की रेंज गायब, आणि घरी आला की फोन पोरांच्या हातात, गेम चालू. त्यावर ‘आज गोळी घेतलीत का?’ असा मेसेज झळकला की वाडीभर बोभाटा! २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करता येत नाही, म्हणे.

त्यापेक्षा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ठरल्या वेळी फोन करा. होड्या शाकारलेल्या, हाताला काम नाही, पिणं तेव्हाच वाढतं. आणि ‘आज दारू घेतलीय, मग एचआयव्हीची गोळी नको’ म्हणणारे इथे पुष्कळ. प्यायलात तरी गोळी चुकवू नका, हे आधी सांगा.