दहा नंबरचा पाना

आमची गाडी सिग्नलला उभी राहिली की तळणीचा वास येतो. पहिले काही दिवस बायकोला वाटायचं, कोपऱ्यावर कुणीतरी भजी काढतंय. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तर तिने काच खाली करून मान बाहेर काढून बघितलं. गाडा नाही, गिऱ्हाईक नाही, फक्त आमच्याच बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघालेला.

"अरे, भजी आपलीच आहेत," ती म्हणाली.

गाडी एकोणीस वर्षांची आहे. या वयात माणसालाही काही ना काही गळती लागतेच, असं म्हणून मी बरेच दिवस काढले. पण पार्किंगमधल्या पांढऱ्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा काळा ठिपका पडायला लागला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला. खाली मजकूर : 'संबंधितांनी नोंद घ्यावी.' संबंधित मी एकटाच होतो. वॉचमन गाडीखाली जुना पेपर पसरायला लागला आणि वर्दीवरच्या नव्या पोऱ्याला माझी ओळख करून देताना म्हणाला, "हे तेलवाले साहेब."

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन सेकंद बघितलं. डॉक्टर नुसती जीभ बघून सांगतात तसं. "टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय साहेब. पॅकिंगचे साडेतीनशे, मजुरी बाराशे."

आता माझा स्वभाव असा, की मी बोल्ट मोजले. आठ. बाराशे भागिले आठ, म्हणजे एक बोल्ट काढून लावायचे दीडशे रुपये. तेवढ्यात घरी थाळी होते. शिवाय रात्री मोबाइलवर एका गृहस्थाने हेच काम अकरा मिनिटांत करून दाखवलं. त्याचं इंजिन आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ होतं, ही गोष्ट तेव्हा मला खटकायला हवी होती.

जेवताना मी घरच्यांना प्रकरण समजावून सांगितलं. इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो, त्याच्यावर सतत तेल उडत असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून वर झाकण. झाकण आणि इंजिनाच्या मध्ये रबराचं पॅकिंग. शंभर डिग्रीच्या आसपास वर्षानुवर्षं शेकून ते रबर कडक होतं, आक्रसतं, मग तेल झिरपतं आणि खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळतं.

आई आमटी वाढत होती. "म्हणजे कुकरची रिंग," ती म्हणाली.

"आई, हे इंजिन आहे."

"बरं," म्हणून तिने मला आणखी एक पळी आमटी वाढली.

शनिवारी नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल एवढं सांगेपर्यंत मालकाने मागे न बघता हात वर नेऊन फळीवरून पाकीट काढून ठेवलं. मी सिलिकॉनची ट्यूबही मागितली. "कशाला? पॅकिंग नवीन आहे ना?" त्याने विचारलं. असू दे, म्हटलं. "कोपऱ्यांवर टिपका लावा फक्त," तो म्हणाला. 'फक्त' हा शब्द मी दुकानातच विसरून आलो.

रविवारी सकाळी सात वाजता, इंजिन गार असताना, काम सुरू केलं. सव्वासातला तळमजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेत आणि रुळांवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल अधिकाराने बोलतात. आमची गाडी रुळांवर चालत नाही, हा तपशील त्यांना आड येत नाही. साडेसातला वॉचमन, आठला दुसऱ्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा. त्याने आल्या आल्या विचारलं, "काका, हे परत बसणार का?"

आधी हवेचा पाइप काढला. मग झाकणावर बसवलेला एक बारका व्हॉल्व्ह होता, तो नळीसकट ओढून काढला, फडक्याने पुसला आणि बाजूला ठेवला. (या व्हॉल्व्हकडे लक्ष असू द्या. मी दिलं नाही.) मग प्लगच्या चार वायरी. या वायरींचा क्रम चुकला की इंजिन बिथरतं, कारण ठिणगी एक-तीन-चार-दोन या ठरलेल्या क्रमाने पडावी लागते. म्हणून बायकोच्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि पहिल्या वायरीवर एक टिकली, दुसरीवर दोन, असं करत चौथीवर चार लावल्या. लाल, मखमली. मला माझं कौतुक वाटलं. काकांनाही वाटलं असावं, ते काही बोलले नाहीत.

आठही बोल्ट दहा नंबरच्या पान्याने निघाले. झाकण मात्र हलेना. एकोणीस वर्षांचा ऋणानुबंध. घरी रबरी हातोडा नाही, म्हणून लाटणं आणलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि चहूबाजूंनी हलकेच ठोकलं. वरच्या गॅलरीतून आईचा आवाज आला, "ते माझं पोळ्यांचं आहे का?" त्याच क्षणी झाकण 'पच्च' असा आवाज करून सुटलं.

आत जे दिसलं ते मात्र खरंच बघण्यासारखं होतं. मधाच्या रंगाच्या तेलाचा हात फिरलेला कॅमशाफ्ट, त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, एकेक इतका गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. बाहेरून एवढी कळकट बाई, आत असा जरीकाठ. सहावीतला मुलगासुद्धा दोन मिनिटं गप्प होता.

जुनं पॅकिंग झाकणाच्या खाचेत बसलेलं होतं. ते रबर राहिलंच नव्हतं. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं टक् टक् मोडून तुकड्या-तुकड्यांनी निघत होतं. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत ही जागा आलीच नव्हती. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला तर तिथूनच तेल येणार, म्हणून लोखंडाचं काही वापरता येत नाही. मुदत संपलेलं क्रेडिट कार्ड घेतलं आणि खाच खरवडायला लागलो. दीड तास. त्या कार्डाने माझे आयुष्यात कधी पैसे वाचवले असतील तर ते तेवढेच.

नवं पॅकिंग बसवलं. मऊ, लवचिक, काळंभोर. मग सिलिकॉन. कोपऱ्यावर एक टिपका दिला. छान वाटला. दुसरा दिला. मग म्हटलं, तेल काय फक्त कोपऱ्यातूनच गळतं का? आणि वाढदिवसाच्या केकला काठ काढावा तशी सगळ्या परिघावर नक्षी काढली.

आता बोल्ट आवळणे. नियम असा की मधल्या बोल्टांपासून सुरू करून बाहेर जायचं, आलटून पालटून, थोडं थोडं. आणि जोर किती? साधारण दहा न्यूटन मीटर. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला साडेतीन किलोचं कलिंगड टांगलं तर पडेल तेवढाच. हे कलिंगडाचं गणित मी नंतर केलं. त्या रविवारी माझ्या डोक्यात एकच होतं, की गळतंय ना, मग घट्ट पाहिजे. काकाही म्हणाले, "आवळ, आवळ. आमच्याकडे रुळाचे बोल्ट दोघं जण लोंबकळून आवळायचे."

पाच बोल्ट झाले. सहावा घट्ट झाला. मी म्हटलं, अजून एक अर्धा वेढा. पाना फिरेना, फिरेना, आणि मग एकदम फिरला. अगदी हलका, लोण्यात सुरी फिरावी तसा. ज्याने हा अनुभव घेतलाय त्याच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. बोल्ट पोलादाचा, खाली ॲल्युमिनियम. आटे कोणाचे जाणार हे उघड आहे. मी पाना तसाच धरून उभा राहिलो.

"बसला का?" काकांनी विचारलं.

"बसला," मी म्हटलं.

मग वायरी लावायला घेतल्या तर दोन वायरी बोडक्या. तेलाने टिकल्या सुटल्या होत्या. चार टिकल्या वॉचमनच्या चपलेला चिकटलेल्या सापडल्या, तीन कुठे गेल्या देव जाणे. मोबाइलमध्ये आधी काढलेला फोटो होता. त्यात माझा अंगठा अतिशय स्पष्ट आला होता. तेव्हा तिसरी कोणती नि चौथी कोणती हे मनाशी ठरवून लावून टाकली आणि किल्ली फिरवली. गाडीने आधी डांग्या खोकल्यासारखा ठसका दिला, मग सगळं अंग गदगदा हलवलं, मग फाट् असा आवाज काढला की दोन मजल्यांवरच्या लोकांनी गॅलरीत येऊन पाहिलं. वायरी अदलाबदल केल्या. चालू झाली, आणि सुतासारखी चालू राहिली.

दुपारचे अडीच वाजले होते. अकरा मिनिटांच्या वर फार झाले नव्हते, सात तासच.

सोमवारी सकाळी पेपरवर ठिपका. मी निमूटपणे गॅरेजमध्ये गेलो. त्याने सहावा बोल्ट दोन बोटांनी फिरवून बघितला, बाहेर ओघळलेल्या सिलिकॉनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "असंच आतही ओघळलं असणार. तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकला तर इंजिनच जातं," एवढंच म्हणाला. त्याने झाकण काढलं, सगळी नक्षी खरवडली, आटे गेलेल्या भोकात स्प्रिंगसारखी गुंडाळी घालून नवे आटे केले आणि झाकण परत बसवलं. मजुरी अठराशे. बाराशेचा प्रश्न त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

बुधवारी पेपरवर पुन्हा ठिपका. बारीक, पण ठिपका.

रात्री मी जेवायला बसलो तो मुळात बोलायचंच नाही असं ठरवून. आईने ताटाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "अजून गळतंय?"

"हं."

"रिंग नवीन घातलीस ना?"

"आई, ते पॅकिंग आहे. हो, नवीन आहे. झाकणही नीट बसलंय."

"मग शिट्टी चोंदली असेल. शिट्टीत भाताचं शीत अडकलं की नवी रिंगसुद्धा बाजूने वाफ सोडते. तुझ्या त्या इंजिनाला शिट्टी असते का?"

नसते, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि घास तसाच राहिला. असते. पिस्टनच्या कडेने थोडा वायू कायम खाली निसटत असतो. त्याला वाट मिळावी म्हणून झाकणावर एक बारका व्हॉल्व्ह असतो; तो हा वायू परत इंजिनात ओढून जाळायला पाठवतो. तो व्हॉल्व्ह काजळीने बुजला की आत दाब वाढतो, आणि तेल मग जिथून वाट मिळेल तिथून निघतं. रविवारी मी तो हातात घेऊन बाहेरून चकचकीत पुसला होता.

हात धुऊन टॉर्च घेऊन खाली गेलो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतो. आमचा मुका होता.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून नवा आणला. किंमत सांगत नाही, एका बोल्टापेक्षा थोडी जास्त होती. घरी आल्यावर आईने तो हातात घेऊन हलवून बघितला आणि म्हणाली, "एवढीशीच असते होय?"

चौथ्या दिवशी गाडीखालचा पेपर इतका कोरडा होता की वॉचमन तो उचलून शब्दकोडं सोडवत बसला होता. मला बघून उठून उभा राहिला. "तेलवाले साहेब," त्याने विचारलं, "उभे चार, 'बाष्प', दोन अक्षरी?"